मानकांचे रकाने आणि वर्गातील फळा

शिक्षकाने आपल्या अध्यापनाचे मूल्यमापन आपणच करावे, या विचाराला तत्त्वतः कोणी विरोध करील असे वाटत नाही. ज्याला स्वतःच्या कामातील उणे कळत नाही, त्याला ते दुसऱ्याने कितीही दाखविले तरी दिसत नाही. परंतु हा निर्मळ विचार जेव्हा छापील तक्त्याचे, आणि आता संगणकावरील रकान्यांचे, रूप घेतो; वर्गात तंत्रज्ञानाचा वापर आपण कोणत्या पातळीवर करतो हे शिक्षकाने त्या रकान्यांत भरून वर पाठवावे अशी अपेक्षा केली जाते; तेव्हा प्रश्नाचे स्वरूप पालटते. तेथे आत्मपरीक्षण संपते आणि हिशेबनिशी सुरू होते. महाराष्ट्रातील शिक्षकवर्गाने आणि त्याहूनही अधिक शिक्षण खात्याने हा पालट नीट समजून घेण्याची वेळ आता आलेली आहे.

वेळ आली असे म्हणण्यास कारण आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शिक्षकांसाठी राष्ट्रीय व्यावसायिक मानके तयार करण्याचे ठरविले आणि राज्यांनी ती स्वीकारल्यास वेतनवाढ, बढती आणि सेवेतील अन्य गोष्टी त्यांच्या आधारे ठरू शकतील, असेही त्यात म्हटले. त्याच धोरणाने वर्गातील तंत्रज्ञानाच्या वापरावर मोठा भर दिलेला आहे. या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे उद्या तंत्रज्ञानविषयक मानक हा शिक्षकाच्या भाकरीशी निगडित असा विषय होणार. मग स्वतःस किती गुण द्यावेत, हा प्रश्न केवळ सद्सद्विवेकाचा राहत नाही.

मानकांचा पसारा

तंत्रज्ञानविषयक मानके ही काही केवळ आपल्याकडील कल्पना नव्हे. अमेरिकेत शिक्षकांसाठी अशी मानके २००० साली प्रसिद्ध झाली आणि पुढे २००८ व २०१७ मध्ये ती बदलण्यात आली. युनेस्कोने २००८ मध्ये आपला आराखडा मांडला. त्याच्या २०१८ च्या आवृत्तीत अठरा क्षमता आणि तीन पातळ्या सांगितल्या आहेत: ज्ञान मिळविणे, ते सखोल करणे आणि नवे ज्ञान निर्माण करणे. युरोपीय आयोगाने २०१७ मध्ये सहा क्षेत्रांत बावीस क्षमतांची मांडणी केली आणि २०२१ मध्ये शिक्षकाने स्वतःच स्वतःला तपासावे यासाठी एक प्रश्नावली खुली केली. तिची एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ती शिक्षकाच्या स्वतःच्या वाटचालीसाठी आहे, त्याच्या नोकरीचा निवाडा करण्यासाठी नव्हे.

आपल्याकडे २००१ पासून एमएस-सीआयटी हा संगणक परिचयाचा अभ्यासक्रम आला. शासकीय सेवेत तो आवश्यक ठरला आणि वेतनवाढीशी जोडला गेला. २०१५ च्या जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला आणि त्या लाटेत ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा नवा शब्द मराठीत रूढ झाला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात केंद्राचा ‘शाळासिद्धी’ हा उपक्रम आला. सात क्षेत्रे आणि शेहेचाळीस मानके यांच्या आधारे शाळेने आपले मोजमाप आपणच करावयाचे, अशी त्याची योजना. अनेक जिल्हा परिषद शाळांनी लोकवर्गणी काढून प्रक्षेपक, पडदे, टॅब घेतले. काहींनी आयएसओ मानांकनाचे फलकही दारावर लावले. २०१७ च्या शिक्षकदिनी ‘दीक्षा’ हे व्यासपीठ सुरू झाले. महाविद्यालयेही यातून सुटली नाहीत. ‘नॅक’च्या स्वयंअध्ययन अहवालात अध्यापनातील माहिती-तंत्रज्ञानाच्या वापराचा हिशेब द्यावा लागतो आणि प्राध्यापकाच्या बढतीच्या गुणांत अशा साहित्यनिर्मितीला स्थान आहे.

या सर्वांमागील हेतूंविषयी शंका घेण्याचे कारण नाही. ग्रामस्थांनी पदरमोड करून शाळेला यंत्र घेऊन द्यावे, ही सामान्य गोष्ट नव्हे. प्रश्न आहे तो मोजमापाचा. आपण नेमके काय मोजत आहोत?

यंत्रे आली, यंत्रे गेली

यंत्राने शिक्षण बदलेल ही आशा शंभर वर्षांची जुनी आहे. चलच्चित्र हे पाठ्यपुस्तकाची जागा घेईल, असे भाकीत थॉमस एडिसनने १९२२ मध्ये केले होते. त्यानंतर नभोवाणी आली, दूरचित्रवाणी आली, संगणक आला. आणि प्रत्येक वेळी तेच भाकीत नव्या यंत्राच्या नावे पुन्हा वर्तविले गेले. लॅरी क्युबन या अमेरिकी अभ्यासकाने १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा सारा इतिहास मांडला. गाजावाजा, मग अभ्यासकांचे दाखले, मग निराशा आणि अखेर शिक्षकावर दोषारोप, असे हे चक्र असल्याचे त्यावरून दिसते.

भारतानेही हे चक्र पाहिले आहे. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षभरात उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोहोचविण्यात आले. तो प्रयोग जगाने वाखाणला; पण उपग्रह अमेरिकेकडून उसना घेतलेला होता, मुदत संपताच तो परत गेला. १९८४ मध्ये पुण्यात ‘बालचित्रवाणी’ उभी राहिली. मराठी मुलांसाठी तिने चांगले कार्यक्रम निर्माण केले आणि २०१७ मध्ये ती बंद पडली. १९८४ मध्येच शाळांत संगणक-साक्षरतेचा ‘क्लास’ प्रकल्प सुरू झाला. त्यातील संगणक पाहिलेले विद्यार्थी आज पन्नाशीत आहेत. या प्रत्येक प्रयोगाच्या काळात जर शिक्षकांकडून स्वयंमूल्यमापनाचे तक्ते भरून घेतले असते, तर ते तक्ते उत्तम दिसले असते. यंत्र आले होते, चालू होते, मुले पाहत होती. परंतु मूल काय शिकले, या प्रश्नाचे उत्तर त्यांत सापडले नसते.

ओईसीडी या संघटनेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात हीच गोष्ट निराळ्या रीतीने पुढे आली. ज्या देशांनी शाळांतील संगणकांवर मोठा खर्च केला होता, त्यांच्या विद्यार्थ्यांच्या वाचन, गणित व विज्ञानातील कामगिरीत त्यामुळे लक्षणीय सुधारणा झाल्याचे आढळले नाही. याचा अर्थ यंत्र निरुपयोगी आहे असा नव्हे. यंत्राची उपस्थिती म्हणजे शिक्षण नव्हे, एवढाच.

मापनाचा मोह

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना चार्ल्स गुडहार्ट हे नाव परिचित असते. या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये चलनविषयक धोरणासंबंधी एक निरीक्षण नोंदविले. त्याचा आशय असा की, एखादे परिमाण जेव्हा नियंत्रणाचे साधन बनते, तेव्हा त्याचा पूर्वीचा भरवसा उरत नाही. कारण ज्यांचे मोजमाप होत असते ते लोक त्या परिमाणाकडे पाहून वागू लागतात. हा नियम पैशाच्या पुरवठ्याला लागू पडतो तसाच तो शाळेलाही लागू पडतो.

मराठी शिक्षकाला हे सांगण्यासाठी ब्रिटिश अर्थतज्ज्ञाची आवश्यकता नाही. पाठटाचणाची वही त्याने पाहिलेली आहे. टाचण हे मुळात शिक्षकाने उद्याच्या पाठाचा विचार आज करावा म्हणून होते. तपासणीला येणारा अधिकारी टाचण पाहतो, हे ठरल्यावर वह्या सुवाच्य झाल्या. पाठ सुधारले की नाही, हे कोणी विचारले नाही. मागील वर्षाचे टाचण या वर्षाच्या वहीत उतरवून काढणारा शिक्षक आळशी होता असेच नव्हे. कित्येकदा तो वर्गात उत्तम शिकवीतही असे. त्याला एवढेच कळले होते की, वही एकीकडे आणि वर्ग दुसरीकडे आहे.

तंत्रज्ञानाच्या मानकांचे हेच होणार नाही, याची हमी कोण देणार? ‘आपण आठवड्यातून किती तास डिजिटल साधने वापरता?’ या प्रश्नापुढे शिक्षकाने काय लिहावे? अंधाऱ्या खोलीत चाळीस मुलांसमोर चित्रफीत लावून देऊन शेजारी बसून हजेरीपत्रक पुरे करणारा शिक्षक येथे पाच तास लिहील, आणि ते खोटे ठरणार नाही. अपूर्णांक समजत नसलेल्या दोन मुलींना भाकरीचे तुकडे करून दाखविणारी शिक्षिका शून्य लिहील, आणि तेही खरेच असेल. मानक पहिल्यास वरच्या पातळीवर बसवील.

त्यात भर पडते ती मनुष्यस्वभावाची. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील क्रूगर व डनिंग या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्यांचे एखाद्या विषयातील कौशल्य सर्वांत कमी ते स्वतःविषयी फार मोठा अंदाज बांधतात, आणि ज्यांचे कौशल्य सर्वांत अधिक ते स्वतःस किंचित कमीच लेखतात, असे आढळून आले. ज्ञान वाढते तसे आपल्याला काय येत नाही हेही कळू लागते, हे तर जुने शहाणपण आहे. एकट्याने, बंद खोलीत, तक्त्यासमोर बसून केलेले स्वयंमूल्यमापन म्हणूनच दुहेरी फसवे ठरते. एकीकडे वेतनवाढीचा मोह, दुसरीकडे स्वतःविषयीचा भ्रम.

यंत्र कोणाच्या सेवेत?

तंत्रज्ञानाच्या वापराचे खरोखर प्रामाणिक मूल्यमापन शिक्षकांनी केले, तर त्यातून एक गोष्ट समोर येईल, जी कोणत्याही मानकात नाही. प्राथमिक शिक्षकाच्या हातातील भ्रमणध्वनी दिवसातून सर्वाधिक वेळ कोणासाठी चालतो? ‘सरल’मधील विद्यार्थ्यांची माहिती, यू-डायसच्या नोंदी, पोषण आहाराचा दैनंदिन अहवाल, प्रशिक्षणाला बसल्याचे छायाचित्र, उपक्रम साजरा केल्याचे छायाचित्र, आणि ‘आजच्या आज पाठवा’ म्हणून येणारे संदेश. हा तंत्रज्ञानाचाच वापर आहे. परंतु तो मुलासाठी नसून कार्यालयासाठी आहे. वर्गातील वेळ घेऊन वरच्या कार्यालयाची सोय पाहणाऱ्या या व्यवस्थेत शिक्षकच तंत्रस्नेही आहे काय, असे विचारणे हा एक विनोदच म्हणावयाचा.

महासाथीच्या काळाने दुसरी बाजू उघड केली. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ ही घोषणा झाली. ‘असर’च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचे प्रमाण २०१८ मधील ३६.५ टक्क्यांवरून २०२० मध्ये ६१.८ टक्क्यांवर आणि २०२१ मध्ये ६७.६ टक्क्यांवर गेले. आकडे चढते होते. पण २०२१ च्याच पाहणीत असेही दिसले की, घरी फोन असलेल्या मुलांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याला तो अभ्यासासाठी मुळीच मिळत नव्हता. फोन वडिलांच्या खिशातून कामावर जात होता. शिक्षकाने धडा पाठविला, तो पोहोचल्याची खूण पडद्यावर उमटली, मानक पूर्ण झाले; आणि मूल मात्र ओसरीवर तसेच बसून राहिले. कोल्हापूर जिल्ह्याच्या बारा तालुक्यांपैकी गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड हा सारा पश्चिमेकडील डोंगरी पट्टा. तेथील वाड्या-वस्त्यांवर पावसाळ्यात वीज आणि संपर्क यांचा भरवसा काय असतो, हे तेथे नोकरी केलेल्या शिक्षकांस सांगावयास नको. शिरोळच्या सपाटीवरील शाळेस आणि गगनबावड्याच्या शाळेस एकच तक्ता देणे याला समता म्हणता येणार नाही.

परितेवाडीचा धडा

मग तंत्रज्ञानाचा चांगला वापर म्हणजे काय? याचे एक उदाहरण महाराष्ट्राच्याच भूमीवर आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी त्यातील निम्मी रक्कम अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांस वाटली. पाठ्यपुस्तकांत क्यूआर संकेत बसविणारे शिक्षक म्हणून त्यांची ख्याती झाली. परंतु त्या कामाचा क्रम विसरला जातो. पाठ्यपुस्तकाची भाषा मुलांच्या घरच्या भाषेहून निराळी, मुलांची मातृभाषा कन्नड, ही अडचण त्यांना प्रथम दिसली. त्यांनी ती भाषा शिकून घेतली, पुस्तके मुलांच्या भाषेत आणली आणि मग श्राव्य-दृश्य पाठ मुलांपर्यंत पोहोचविण्यासाठी त्या संकेतांचा उपयोग केला. प्रथम मुलाची अडचण, मग भाषा, मग यंत्र. हा क्रम उलटा करून केवळ संकेत मोजले, तर परितेवाडीत जे घडले त्याचा मर्मभाग हातून निसटतो. साताऱ्याच्या कुमठे बीटमधील शाळांनी ज्ञानरचनावादाचा जो बोलबाला केला, तो तर फरशीवरील आखणी, खडे, काड्या आणि चिठ्ठ्या यांच्या बळावर. शिकविण्याचे तंत्र हेही तंत्रज्ञानच होय, याचा विसर पडता कामा नये.

कोल्हापूरच्या गुऱ्हाळात काहिलीतील रस उकळत असतो तेव्हा पाक नेमका केव्हा उतरवावयाचा, हे गुळव्या ठरवितो. तो रंग पाहतो, बुडबुडा पाहतो, थेंब पाण्यात टाकून बोटांनी गोळी करून पाहतो. काहील नवी आहे, चिमणी उंच आहे, म्हणून गूळ चांगला होत नाही. आणि गुळव्याचा अंदाज बरोबर होता की नाही, याचा निकाल तोच देत नाही. ढेप बाजारात सौद्याला जाते तेव्हा दहा जाणती माणसे ती पाहतात. शिक्षकाच्या स्वयंमूल्यमापनालाही या दोन्ही गोष्टी हव्यात: स्वतःची जाणती नजर आणि ती ताडून पाहणारे जाणते सहकारी. रकाने भरण्याच्या पद्धतीत यांपैकी एकही नाही.

विचारावयाचे प्रश्न

अर्थशास्त्रात पर्यायी खर्चाची कल्पना मूलभूत मानली जाते. एखाद्या गोष्टीची खरी किंमत म्हणजे तिच्यासाठी आपण ज्या गोष्टीवर पाणी सोडले ती. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत प्रक्षेपक जोडण्यात आठ मिनिटे गेली, तर त्या आठ मिनिटांत काय झाले असते? एखाद्या मुलाने फळ्याशी येऊन गणित सोडविले असते काय? हा प्रश्न शिक्षकाने स्वतःस विचारला, तर त्याचे स्वयंमूल्यमापन खरे सुरू झाले. त्याच्या जोडीला आणखी तीन प्रश्न पुरेसे आहेत. आज यंत्राने असे काय केले, जे खडू आणि फळा यांना साधले नसते? यंत्र कोणाच्या हातात होते, शिक्षकाच्या की मुलांच्या? आणि जे मूल मागे पडते आहे, त्याचे पाऊल यामुळे पुढे पडले काय? भूगोलाच्या तासाला ज्वालामुखीचा उद्रेक किंवा विज्ञानाच्या तासाला हृदयाचे स्पंदन पडद्यावर दाखविणारा शिक्षक पहिल्या प्रश्नाचे उत्तर अभिमानाने देईल. पुस्तकाचे पान जसेच्या तसे पडद्यावर दाखवून ते वाचून काढणाऱ्यास उत्तर देता येणार नाही. त्याला ते कळले, की पुरे. वर कळविण्याची गरज नाही.

यावर असा आक्षेप येईल की, मानके नसली आणि अहवाल नसले तर कामचुकारांचे फावेल. आक्षेप दुर्लक्षिण्यासारखा नाही. काही शिक्षक नव्या साधनांना केवळ आळसामुळे दूर ठेवतात, हे खरे आहे; आणि ज्या मुलाच्या घरी पुस्तकही नाही त्याच्यापर्यंत जगाची खिडकी शाळेतूनच पोहोचू शकते, हेही खरे आहे. परंतु कामचुकारास पकडण्याचे साधन म्हणून स्वयंमूल्यमापन निरुपयोगी आहे, कारण तक्ता उत्तम भरण्याची कला त्यालाच अधिक अवगत असते. त्यासाठी पर्यवेक्षण आहे, आणि ते वर्गात बसून व्हावे. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर आणल्या की आत्मपरीक्षणाला कबुलीजबाबाचे स्वरूप येते, आणि स्वतःविरुद्ध कबुलीजबाब कोण देणार?

यास पर्याय आहे आणि त्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याचीही गरज नाही. जवळच्या शाळांनी एकमेकींच्या आधाराने वाढावे म्हणून शाळा-संकुलाची कल्पना कोठारी आयोगाने १९६६ मध्येच मांडली होती. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे, आणि गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. समता, गुणवत्ता आणि संख्या या तिहींचा मेळ भारतीय शिक्षणात बसत नाही, ही त्यांची चिंता आजही शिळी झालेली नाही. महाराष्ट्रात केंद्रशाळा आहेत, केंद्रप्रमुखाचे पद आहे, शिक्षण परिषदा भरतात. या परिषदांतून परिपत्रकांचे वाचन कमी करून, एका शिक्षकाने दुसऱ्याचा पाठ पाहावा आणि वरील चार प्रश्नांवर मोकळेपणी बोलावे, एवढी प्रथा पाडता येईल. त्या चर्चेचे इतिवृत्त जिल्ह्याला जाऊ नये, त्यावर गुण पडू नयेत. तालमीत जोडीशिवाय मेहनत होत नाही आणि तालमीतील हार कोणी मैदानात मोजत नाही, हे कुस्तीच्या या नगरीस समजावून सांगावे लागू नये.

मानके दुसऱ्या बाजूसही

शेवटी, मानके एकतर्फी असू नयेत. शिक्षक तंत्रज्ञान कितपत वापरतो हे विचारणाऱ्या व्यवस्थेने प्रथम स्वतःचा तक्ता भरावा. शाळेचे वीजबिल कोणी आणि कोणत्या निधीतून भरावयाचे, हे ठरलेले आहे काय? बंद पडलेला संगणक किती दिवसांत दुरुस्त होतो? प्रशिक्षण देणाऱ्याने स्वतः कधी बहुवर्ग शाळा चालविलेली आहे काय? एकच माहिती वर्षातून किती वेळा, किती निरनिराळ्या रकान्यांत मागितली जाते? राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, ते मोफतही केले. मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास दंड ठेवला, पण शाळा, शिक्षक आणि पैसा उभा करण्याचे उत्तरदायित्व राज्याने आपल्या शिरावर घेतले. सक्तीचा नैतिक अधिकार त्या उत्तरदायित्वातून आला होता. मानके लादणाऱ्यांनीही तो अधिकार अशाच रीतीने मिळवावा लागेल.

तोवर शिक्षकाने काय करावे? त्याने तक्ता भरणे टळणार नाही, नोकरी आहे. परंतु तक्ता भरून झाल्यावर, शाळा सुटल्यानंतरच्या शांततेत, आजच्या तासाला कोणते मूल गप्प बसून राहिले एवढे तरी त्याने स्वतःस विचारावे. त्या प्रश्नासाठी कोणताही रकाना नाही, त्याला गुण नाहीत आणि त्याचे उत्तर कोणत्याही कार्यालयाला हवे असणार नाही. शिक्षकाला मात्र त्या उत्तरावाचून दुसऱ्या दिवशीचा तास घेता येणार नाही.